कुणी गप्प बसायचं?

शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणं बसवायचं काम कधी तुमच्या गळ्यात पडलंय का? माझ्या पडलं होतं! मी तेव्हा नववीत होतो. आमचं गाव हिंगोलीहून नर्सीकडे जाणाऱ्या वाटेवर. नर्सी म्हणजे संत नामदेवांचं जन्मगाव. (तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली.) त्यामुळे गाणं कुठलं, हा प्रश्नच नव्हता. नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ हा अभंग! त्याला राम फाटक यांनी चाल लावली आणि पंडित भीमसेन जोशींनी तो घराघरांत पोचवला.

आमच्या वर्गातली एक मुलगी तो फार छान म्हणायची. सर पेटी वाजवत आणि ती गाई. बस्स, दोघंच. पण त्या वर्षी सर मला म्हणाले, “दहा पोरं घे. मिळेल ते वाद्य घे. कुणी काय वाजवायचं ते तूच ठरव.”

मला आकाश ठेंगणं झालं! घरोघरी फिरून वाद्यं गोळा केली. सरांच्या पेटीशी जुळणाऱ्या दोन बासऱ्या, एक बुलबुलतरंग, तबला, भजनी मंडळाचा पखवाज आणि चार टाळ. बँडपार्टीतल्या एका काकांचा मुलगा क्लॅरिनेट घेऊन आला.

तालीम सुरू झाली. टाळ-तबलेवाल्यांना म्हटलं, “ठेका सोडू नका.” बाकीच्यांना म्हटलं, “चाल पाठ करा आणि वाजवा.” सगळ्यांनी वाजवलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, अगदी जीव तोडून! मला वाटलं, काय भारी झालंय! एवढ्यात गाणारी मधेच थांबली आणि मटकन खाली बसली.

“मला माझाच आवाज ऐकू येईना. मी नाही गाणार, जा!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संमेलन तर चार दिवसांवर!

मी चिडून म्हणालो, “मग जोरात गा ना!”

सर कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि तिला म्हणाले, “गा बेटा, आपण दोघंच.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अन् तू नुसतं माझ्या हाताकडं बघ.”

तोवर मी समजत होतो, पेटी म्हणजे गाण्याच्या मागोमाग चाल वाजवायची. पण सर एकटेच चार कामं करत होते! ती गात असताना ते सूर हलकेच धरून ठेवत. ओळ संपून ती श्वास घेई, तेवढ्या फटीत छोटीशी सुरावट भरत. नवं कडवं येण्याआधी तिला सूर दाखवत. आणि चौथं काम डाव्या हाताचं. तो भाता मारत होता. ती हळू गायली की भाताही हळू, तिचा आवाज चढला की भात्याला जोर.

“या चार कामांची वाटणी कर,” सर म्हणाले.

पहिली तीन वाटणं सोपं गेलं. सूर धरायला दोन बासऱ्या. एकीचा श्वास संपला की दुसरी. फट भरायला बुलबुलतरंग. कडव्याआधी सूर दाखवायला क्लॅरिनेट. पण भाता? दहा जणांना भाता कुठून आणायचा?

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या उत्तर सापडलं. एका वेळी किती जण वाजवतात, हाच आमचा भाता! हळू हवं तिथे दोघंच. थोडं चढलं की तबला. पखवाज आणि टाळ फक्त शेवटच्या गजराला. म्हणजे ‘तू कधी वाजव’ याच्याआधी ‘तू कधी गप्प बस’ हे सांगायला हवं!

दुसऱ्या दिवशी आधी मी तिची माफी मागितली. मग सगळ्यांना वाटणी सांगितली. क्लॅरिनेटवाला रुसलाच. “मी एवढ्या लांबून येतो अन् चारदाच वाजवू?” मी म्हटलं, “तू सूर दिल्याशिवाय तिला कडवं उचलता येणार नाही.” त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण तो आला.

मोठेपणी कळलं, हे कोडं आमच्याआधी कितीतरी मोठ्या माणसांनी सोडवलंय. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ शूबर्टने १८१५ साली, अवघ्या अठराव्या वर्षी ‘एर्लक्योनिग’ हे गाणं रचलं. एक गळा, एक पियानो. आजारी मुलाला कवटाळून रात्री घोडा दौडवणाऱ्या बापाची ती गोष्ट. घोड्याच्या टापा पियानोवाल्याच्या उजव्या हातात. वाजवता वाजवता हात भरून येतो! १८६० साली फ्रान्सच्या बर्लिओझने ते ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं. शूबर्टला जाऊन तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती. दोन हातांचं काम अनेक वादकांत वाटलं गेलं, पण गाणं शूबर्टचंच राहिलं.

आपल्या मुंबईतही हेच चालायचं. सिनेमाचे संगीतकार पेटीवर चाल ऐकवत. संगीत संयोजक, म्हणजे अरेंजर, ती लिहून घेत आणि व्हायोलिन, ट्रम्पेट, सेलो अशी वाद्यांत वाटून देत. त्यांतले बरेच जण गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात जे नाव येतं ना, ते याच गुरूंचं!

तर, संमेलनाचा दिवस उजाडला. मी काहीच वाजवलं नाही. पडद्याआड उभा राहून बोटांनी खुणा करत होतो. पहिल्या ओळीला ती आणि एकच बासरी. मैदान एकदम शांत झालं. बुलबुलतरंग एकदा घाईने मधे घुसला, नाही असं नाही. पण तिचा शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचला. शेवटी टाळ-पखवाज आले, तेव्हा लोकच टाळ्यांनी ठेका धरू लागले.

आता तुम्ही एक गंमत करा. आवडीचं गाणं लावा आणि डोळे मिटून ऐका. कोण वाजवतंय हे तर कुणालाही कळतं. या क्षणी कोण गप्प बसलंय, ते ओळखून बघा!