घागरीचं झाकण



मागच्या दिवाळीच्या आधी माळा आवरताना मी पोतंभर जुनी भांडी दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकली. घरचं भांड्यांचं दुकान असताना! पण ते दुकान पाहतात आमचे धाकटे भाऊजी. त्यांच्यापुढे चेपलेली वाटी ठेवली तरी ती कोणाच्या लग्नात आली आणि कोणत्या गावच्या कारागिराने ठोकली हे ऐकल्याशिवाय सुटका नसते. मला दुपारच्या आत माळा रिकामा हवा होता. पुढे जे रामायण घडलं ते माझ्या या घाईतून घडलं, हे आधीच कबूल करते.

भाऊजींचं वय बासष्ट. बाळापूरच्या बाजारात त्यांचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, अर्धं नव्या मालाचं आणि अर्धं मोडीचं. पूर्वी मोड म्हणजे वितळवायचा माल. आता शेगावला जाणारी पुण्या-मुंबईची मंडळी वाटेत किल्ला आणि मिर्झाराजांची छत्री पाहायला थांबतात, आणि आजीच्या काळचं गंगाळ, लामणदिवा, पानाचा डबा शोधत दुकानात शिरतात. त्यांच्या भाषेत ते 'अँटिक'. भाऊजी मात्र स्वतःला भांडेवालाच म्हणवतात, कारण १९७२ चा पुरावशेष कायदा त्यांना णमोकारासारखा पाठ आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कोरीव वस्तू असेल तर तिचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कोणाही खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षंच पुरतात. कायद्याच्याही आधीपासून दुकानात आमच्या सासऱ्यांचा एक नियम आहे, ज्यावर अक्षर आहे ते भट्टीत जायचं नाही. लग्नात भेट देणाऱ्यांची नावं यात धरलेली नाहीत, नाहीतर दुकान कधीच बंद पडलं असतं.

वस्तू पारखायची भाऊजींची रीत पाहण्यासारखी आहे. आधी टिचकी मारतात आणि कान लावतात. कासं बराच वेळ घुमत राहतं, पितळ लवकर गप्प होतं. मग अंगठा फिरवतात. नव्या पितळेला आम्ल लावून, मातीत पुरून 'जुनं' करणारे खूप आहेत, पण तो काळेपणा सगळीकडे सारखाच बसतो. खरं जुनं भांडं जिथे पिढ्यानपिढ्या हात लागला तिथे उजळ आणि गुळगुळीत असतं, आणि काळं असतं ते खाचांत.

आमच्या सुनेने मला इंग्रजी रहस्यकथांची गोडी लावली. त्यात रक्तपात फारसा नसतो, चहा आणि शेजारपाजार भरपूर असतो, म्हणून मला झेपतात. त्यात एक लव्हजॉय म्हणून आहे, जोनाथन गॅश यांच्या कादंबऱ्यांतला जुन्या वस्तूंचा दलाल. पहिली कादंबरी १९७७ ची, पुढे बीबीसीने त्यावर मालिकाही काढली. त्याला खरी जुनी वस्तू समोर आली की आतून आपोआप कळतं, आणि तिच्यामागे लागून तो गुन्हे उलगडतो. त्याचं बाकीचं वागणं आपल्या घरात चालण्यासारखं नाही. तरी मी भाऊजींना त्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मंग मले काय कमी समजता, वहिनी?" दूरदर्शनवरच्या करमचंदच्या वेळेपासून त्यांना हे वेड आहे. तेव्हा तर दुकानात गाजरं खात बसायचे.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी भाऊजी सकाळीच आले. दार लावून घेतलं आणि पिशवीतून एक तबकडी काढली. तांब्याची, वीतभर रुंद, चिंचेने घासून लख्ख केलेली. मध्ये कमळ, त्याला दहा पाकळ्या, पाकळ्यांत उत्तम क्षमा, मार्दव, आर्जव असे दहा धर्म. दशलक्षण यंत्र! मी आधी हात धुवून आले.

"भंगाराच्या पोत्यात निंघालं," भाऊजी म्हणाले. "कोनाले सांगू नका."

कडेने बारीक अक्षरांत लेख होता. मूलसंघ आणि बलात्कारगण एवढं स्पष्ट वाचता येत होतं, म्हणजे आपल्या कारंज्याच्या गादीशी संबंध असावा. भट्टारकांचं नाव आणि देणाऱ्याचं नाव झिजलेलं. भाऊजींनी कोणाकडून तरी विद्याधर जोहरापूरकरांचं 'भट्टारक संप्रदाय' आणलं. १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढलेलं हे पुस्तक, त्यात मूर्ती-यंत्रांवरचे असे कितीतरी लेख दिले आहेत. पण कारंज्याच्या गादीवर देवेंद्रकीर्ती, धर्मचंद्र ही नावं पुन्हा पुन्हा येतात. अर्धी अक्षरं हाताशी धरून नेमके कोणते ते ठरवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत 'काका' अशी हाक मारण्यासारखं.

शेवटी माझं बी.कॉम. उपयोगी पडलं. लेखात संवत १८४६ आणि शके १७११ असे दोन्ही आकडे होते. विक्रम संवतातून शक वजा केला की १३५ उरायला हवेत (कार्तिकात संवत बदलणाऱ्यांच्या हिशेबात काही महिने १३४). बरोबर १३५ उरले. ट्रायल बॅलन्स जुळला! शकात ७८ मिळवले की १७८९. नकली वस्तू करणारे इथेच घसरतात, दोन ठिकाणचे आकडे उचलतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत कोणी माझ्या पदवीकडे एवढ्या आदराने पाहिलं नव्हतं.

मग सुरू झाला तपास. मी वहीत संशयितांची यादी केली, डावीकडे 'विरुद्ध' आणि उजवीकडे 'बाजूने'. पहिला अर्थात भंगारवाला. विशीतला पोरगा, सायकलवर फिरतो. भाऊजींनी विचारलं तर म्हणाला, दिवाळीत पन्नास घरचं भंगार उचललं, कोणाचं कोणतं ते कसं सांगू? मी म्हटलं, कुठल्या तरी मंदिरातून यानेच उचललं असणार. असं म्हटलं मी, माझ्याच तोंडाने. दुकानातल्या लोकांनी त्याला पोलिसांचं नाव काढून दम दिला आणि तो आठ दिवस आमच्या गल्लीत फिरकला नाही. फिरकला नाही हेही मी 'विरुद्ध'च्या रकान्यात लिहिलं.

दुसरा संशयित पुण्याचा एक गिऱ्हाईक. त्याने दुकानात तबकडी पाहिली आणि मागेल ती किंमत देतो म्हणाला. तिसरे नाणी जमवणारे एक निवृत्त गुरुजी, कारण प्रत्येक गोष्टीत एक निवृत्त गुरुजी लागतातच. पुण्याच्या माणसाचा फोन पुन्हा पुन्हा यायचा. भाऊजींच्या दुकानाच्या छपराचं काम अडलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी फोन घेणंच बंद केलं. जमिनीतून निघालेल्या धातुमूर्ती भट्टीत न जाता सरकारकडे गेल्या, म्हणून मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीच्या आपल्या जैन मूर्ती आज नागपूरच्या संग्रहालयात पाहायला मिळतात, हे भाषण मात्र मला दोनदा ऐकावं लागलं.

मी सारखी म्हणायची, "कोणाच्या घरात इतकी निष्काळजी माणसं असतील हो?" भाऊजी नुसते माझ्याकडे पाहायचे.

एका रविवारी ते दिवस मावळायच्या आत जेवायला आले. ताक पिता पिता म्हणाले, "वहिनी, तांदूळ कायच्यात ठेवता?"

"नवीन हवाबंद डब्यात."

"त्याच्या आंधी?"

"पितळी घागरीत."

"घागरीले झाकन काय होतं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

भाऊजींनी पिशवीतून एक कापडाची खोळ काढली. यंत्र त्या खोळीत शिवलेलं सापडलं होतं, आणि हे त्यांनी मला दोन महिने सांगितलं नव्हतं. खोळीचं कापड हिरवं, त्यावर पिवळी पानं. २००९ साली आमच्या बैठकीला असलेले पडदे! त्याच पडद्याच्या उरलेल्या कापडाच्या उशीला भाऊजी त्या क्षणी टेकून बसले होते. आमचे हे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

खोळीखाली दुसरी खोळ होती, तिच्याखाली तिसरी. सासूबाईंनी मला लग्नानंतर बजावलं होतं, झाकणाची खोळ मळली की वरून दुसरी शीव, आतली उसवू नको. मला वाटायचं, पत्र्याचा गंज तांदळाला लागू नये म्हणून. आत काय आहे हे मी एकदाही पाहिलं नाही. २००४ साली सासूबाई गेल्या, त्यानंतरही नाही. वरच्या दोन खोळींवर माझी शिवण होती, खालच्या दोनांवर त्यांची, बारीक आणि सरळ. सर्वांत आत लाल सुती कापड होतं, शास्त्राला वेष्टन घालतात तसलं.

ते वेष्टन घेऊन आम्ही अकोल्याला आत्याबाईंकडे गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, पण नजर शाबूत. कापड हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हे माह्या वहिनीच्या माहेरचं."

सासूबाईंच्या माहेरी, त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, एका पावसाळ्यात मंदिराची भिंत खचली. सासूबाईंच्या भावाने यंत्र भिजू नये म्हणून रात्रीच काढलं आणि बहिणीकडे आणून ठेवलं. डागडुजी झाली की नेईन म्हणाला. त्याच श्रावणात तापाने तो गेला. गावात कोणालाच माहीत नव्हतं. मंदिरात झाडलोट करणाऱ्या, दिव्याची वात पाहणाऱ्या माळ्यावर आळ आला आणि त्याचं काम सुटलं.

"आईंना हे कळलं होतं का?" यांनी विचारलं.

आत्याबाईंनी वेष्टनाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि जपमाळ घेतली. आम्ही बराच वेळ बसलो. माळ संपली, त्यांनी दुसरी सुरू केली.

परत येताना गाडीत मी कितीदा तरी तोच विचार केला. ज्या घागरीवर ते यंत्र होतं तिला सासूबाई अंघोळीशिवाय कधी हात लावू देत नसत. आणि मंदिरात द्यायला सांगणं हे एका वाक्याचं काम होतं. माझ्या वहीत हे कोणत्या रकान्यात लिहावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंत्र पोचवायला आम्ही माघात गेलो. भाऊजींनी वजन करून, फोटो काढून, मंदिराकडून सहीची पावती घेतली. तिथे शांतिधारा झाली, भाऊजींना शाल-श्रीफळ मिळालं, त्यांच्या हुशारीवर दोन भाषणं झाली. त्यांच्या चेहऱ्यावर लव्हजॉयही फिका पडेल असं तेज होतं. माळ्याचा विषय कोणी काढला नाही. निघताना मीच विचारलं. तो जाऊन खूप वर्षं झाली, मुलगी शाळेमागे राहते, असं कळलं.

मुलगी म्हणजे सत्तरीच्या बाई. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आम्ही कोण, कशाला आलो, हे मी सांगायला लागले. भाऊजी एरवी दोन तास बोलतील, पण शाल काखेत धरून मुकाट उभे होते. मी सगळं सांगितलं, घागरीपासून पडद्यापर्यंत. आमच्या घरचीच चूक होती, असं म्हटलं. क्षमावाणीला फोनवरून तीनशे जणांना क्षमा मागते मी, पण तिथे शब्द सापडेनात.

बाईंचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "माहा बाप मरेपर्यंत येकच बोले. म्हने, चोराचंच असतं तं मी घंटा नसती नेली का? पितळेची होती, वजनदार होती. तांब्याची थाळी कोन नेते?"

भाऊजींच्या तोंडून "खरं आहे" एवढंच निघालं. धंद्यातल्या माणसाचं उत्तर होतं ते, पण त्यांचा आवाज बसला होता.

बाईंनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, उठून दाराबाहेर उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा. दिवस हाय अजून, तुमाले चाय चालते."