मूठभर कातडी

डाव्या हाताचा अंगठा दगा देऊ लागलाय, हे मला आधी कळलं ते विरार फास्टच्या दारातल्या दांड्यावर. बोरिवलीला मागून रेटा आला आणि पकड सुटली. कोणीतरी काखेत हात घालून आत ओढलं म्हणून आज हे लिहितोय. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय. घरच्यांना काळजी लागली लोकलची, मला हॅम्स्टरची.

परळच्या एका संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये माझी सगळी नोकरी हॅम्स्टर धरण्यात सरली. उंदीर शेपटीने उचलता येतो. हॅम्स्टरला शेपटी म्हणजे नावापुरतं बोंड. त्यात गालाच्या पिशव्या पार खांद्यापर्यंत, त्यामुळे मानेपाठीची कातडी थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखी ढगळ. चिमटीत धरलीत तर तो त्याच कातडीच्या आत गर्रकन वळतो आणि बोट फोडतो. म्हणून सगळा पंजा पाठीवर पालथा टाकायचा आणि दोन्ही अंगांची कातडी गोळा करत करत मुठीत आणायची, ओठ मागे ताणून पिवळे दात दिसेपर्यंत. जरा जास्त आवळलं तर त्याचा श्वास कोंडतो, जरा सैल सोडलं तर रक्त आपलं. मधली जागा फक्त अंगठ्याला कळते. ती सापडली की बहुधा त्याच क्षणी तो लेंडी टाकतो, आणि उजव्या हातातली कुपी तेव्हा खाली तयार लागते.

एकेकाळी ही लेंडी भुशाबरोबर कचऱ्यात जायची. आता आतड्यातल्या जंतूंचा डीएनए वाचतात, त्यामुळे तिला भाव आला. ती ताजी हवी, भुशाला न लागलेली हवी. हॅम्स्टर तर स्वतःची लेंडी खातो, तीही पुष्कळदा बाहेर पडता पडताच तोंडाने ओढून. पिंजऱ्याच्या तळाशी जे उरतं त्याचा भरवसा काय? त्यामुळे सगळी मदार मुठीवर.

या जनावराची वंशावळही मोठी मजेची. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनींनी सिरियात अलेप्पोजवळ एक बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. आईने लगेच एक पिल्लू मारलं. उरलेल्यांतून जेरुसलेमला सख्ख्या भावाबहिणींचीच पैदास झाली, आणि जगभरातल्या प्रयोगशाळांतले सोनेरी हॅम्स्टर जवळजवळ सगळे त्यांचेच वारस. म्हणजे सगळी भावकीच. तरी दोन पिंजऱ्यांतले जंतू एकसारखे निघत नाहीत. खाद्य, पाणी, भुसा, आई यांचा त्यात हात असतोच. माझं मत विचाराल तर पिंजरा कोण हाताळतो याचाही. संशोधनलेखात खाद्याच्या कंपनीचं नाव छापतात, हाताचं कोणी छापत नाही. नवा लेख आला की मी आधी शेवटी जाऊन आभार वाचतो. त्यात नाव नसलं की डबा एकटाच खातो.

आतड्यातल्या जंतूंचं हे वेड नवं आहे असं मात्र कोणी सांगू नये. हॅम्स्टरला क्लिंडामायसिनचा लहानसा डोस दिला तरी काही दिवसांत तो जातो. १९७७च्या सुमारास जॉन बार्टलेट यांनी त्यामागचं कारण दाखवलं: प्रतिजैविकाने नेहमीचे जंतू मेले की रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसील माजतो आणि त्याचं विष आतडं जाळतं. माणसांतही औषधानंतर होणाऱ्या तशाच जीवघेण्या जुलाबाचा उलगडा त्यातून झाला. पेनिसिलिनसुद्धा या जनावराला वर्ज्य, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

उंदीरवाल्यांनी मात्र आम्हाला मोडीत काढलं होतं. जनुकं बदललेले उंदीर आले, वाऱ्याच्या नळ्या जोडलेले पिंजरे आले, आणि हॅम्स्टरची खोली कोपऱ्यात सरकली. कर्करोग संशोधनात कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पान-सुपारीचे प्रयोग हॅम्स्टरवरच केले होते, तो लेख १९७९चा. कोणाला आठवण होती? मग करोना आला. पहिला विषाणू साध्या उंदराच्या पेशींना धड चिकटेना, हॅम्स्टरला मात्र चिकटला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिनची परीक्षा सिरियन हॅम्स्टरवर झाली. तेच उंदीरवाले मग माझ्याकडे ‘कसं धरायचं हो?’ विचारत आले. मी त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवलं. फार बरं वाटलं.

पीएचडीची मुलगी आली ती नालासोपाऱ्याची, माझ्याच गाडीची. पहिल्या दिवशी मी तिला खोलीतली सर्वांत भांडखोर मादी दिली, तीही भर सकाळी, गाढ झोपेतली. काय होणार ते मला ठाऊक होतं, ‘काका!’ अशी हाक ऐकायची होती. मादी चावली. पोरीने बोट धुतलं, रजिस्टरमध्ये नोंद केली, हाक काही मारली नाही. दुसऱ्या दिवशी तिने निर्जंतुक केलेला रिकामा डबा आणला. मादीपुढे प्लॅस्टिकची नळी आडवी धरली, मादी आपण होऊन आत शिरली, तिथून डब्यात. पोरगी चिमटा घेऊन टक लावून बसली. लेंडी पडली, मादीचं तोंड वळायच्या आत उचललीसुद्धा.

‘याला धरणं म्हणत नाहीत,’ मी म्हटलं.

‘काका, आपल्याला लेंडीच हवी होती ना?’

सगळ्याच वेळी तिला साधत नाही. कधी मादी जिंकते. पण जनावर बिथरत नाही आणि बोटं शाबूत राहतात, हे मला दिसतं. मी ते तिच्यापाशी कबूल केलेलं नाही.

आता तिला औषधाचे डोस द्यायचेत. नळी थेट पोटात घालायची, तिथे डबा चालत नाही, मूठच लागते. अंगठ्याचा पट्टा काढून खिशात घातला आणि तिच्या टेबलाशी गेलो. फॉर्मवर ‘जनावर कोण धरणार’ असा रकाना असतो. तो तिने मोकळा ठेवला होता. मी पेन मागून घेतलं आणि त्यात नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.