जहाजाचा कान

'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हण शिकवताना अलीकडे विद्यार्थी हमखास पाणबुडी शोधणाऱ्या 'सोनार'चा उल्लेख करून हशा पिकवतात. विनोद तसा बरा आहे, कारण हा दुसरा सोनार म्हणजे जहाजाचा कानच. तो नेमका कोठे बसवावा, हा प्रश्न मला मात्र टीकाशास्त्रातला वाटत आला आहे.

या यंत्राचा जो भाग पाण्यात असतो त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो विद्युतस्पंदनांचा ध्वनी करतो आणि परतलेल्या प्रतिध्वनीची पुन्हा विद्युतस्पंदने करतो. त्याला मागे जागा देता येत नाही, कारण तेथे पंख्याचा गोंगाट असतो. मध्यभागी इंजिनांची थरथर पोहोचते. पुढे पाण्याच्या पृष्ठाजवळ बसवावा, तर लाटा फोडताना उठणारे बुडबुडे ध्वनी अडवतात आणि खवळलेल्या समुद्रात नाळ वर उचलली गेली की कान पाण्याबाहेरच येतो. म्हणून तो पुढच्या भागात, पण खोल, तळाच्या कण्याखाली किंवा नाळेच्या फुगीर टोकात, निमुळत्या घुमटाआड बसवतात.

आमच्या लालबागच्या चाळीत माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी हे सारे एका वाक्यात सांगितले : "मास्तर, घरात मिक्सर चालू असेल तर दारावरची थाप ऐकू येते का?"

या प्रश्नामागे माणसांचे जीव आहेत. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. सोनारला नीट ऐकू यावे म्हणून 'खुकरी'चा वेग कमी ठेवला होता, असे त्या युद्धाच्या वृत्तान्तांत नमूद आहे. वेग वाढवावा तर अंगावरून धावणाऱ्या पाण्याचाच आवाज कानात भरतो. कमी करावा तर आपणच सोपे लक्ष्य ठरतो. पुढे आरोग्यस्वामी पॉलराज यांच्या नेतृत्वाखाली कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत 'अप्सोह' हा स्वदेशी सोनार घडला. तो प्रथम बसला 'हिमगिरी'वर, म्हणजे माझगावातच बांधलेल्या आणि 1974 साली नौदलात आलेल्या युद्धनौकेवर.

तरीही जागा कितीही विचाराने निवडली, तरी एक दिशा बहिरी राहते : ठीक मागची. स्वतःचा पंखा आणि स्वतःच्या वाटेवरचे घुसळलेले पाणी यांच्या पलीकडचे तळाच्या सोनारला धड ऐकू येत नाही. म्हणून काही जहाजे लांब दोराने आणखी एक कान मागे ओढत नेतात.

आपल्या समीक्षेचा कान दीर्घकाळ गिरगावात बसवलेला होता, असे मला वाटते. तेथून लालबाग-परळ काही किलोमीटरच दूर. पण नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 साली येईपर्यंत गिरण्यांच्या भोंग्याखालची भाषा आपण कितीशी ऐकली होती? परळच्या महाविद्यालयात माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी अनेकांचे आजोबा गिरणीत होते. त्यांची उत्तरे ऐकायची तर मला व्याख्यानाचा वेग कमी करावा लागतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. ती किंमत मी मोजतो. पण माझ्या पाठीमागचे, माझ्याच शिकवण्याने घुसळलेले पाणी मला ऐकू येत नाही. ते कोणी तरी दुसऱ्यानेच सांगावे लागते. त्या अर्थाने म्हण खरीच आहे.