हाताला हलका लागला होता

पगारातून चार हजार कापले, त्याचं आता काही वाटत नाही. पण शेठ सगळ्या कारागिरांसमोर म्हणाला, "भाऊने कमिशन खाधुं," ते डोक्यातून जात नाही.

चलथाणात आम्ही नंदुरबार-अमळनेरकडचे पुष्कळ. ताप्ती लाइनची गाडी गावाकडे जाते, त्यात सगळं आलं. मी लूम कारखान्यात लाइटचं काम बघतो.

वॉर्पिंगच्या ड्राइव्हमधले दोन कपॅसिटर फुगले. 450 व्होल्ट, 3300 एमएफडी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवू म्हटलं, तर शेठ म्हणे, तीन दिवस मशीन उभं ठेवू? सुरतमधून आण, आणि बिल नको. बिल नको, हे त्याचेच शब्द.

दुकानदाराने एक काउंटरवरचा दिला, दुसरा आतून आणला. छापा तोच, 105 डिग्रीही तीच. दुसरा हाताला हलका लागला. मी बोललो नाही.

बसवताना मात्र घाई केली नाही. 415 च्या लाइनवर आत साधारण 585 व्होल्ट डीसी साठतो आणि मेन पाडली तरी काही वेळ बसून राहतो. तो उतरवायला पोरं स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकतात, ठिणगी उडाली की हसतात. मी तीन शंभरचे बल्ब सिरीजमध्ये लावून उतरवतो. बल्ब विझला तरी थोडा व्होल्टेज उरतोच, शिवाय मोठा कपॅसिटर रिकामा केल्यावरही स्वतःहून थोडा चढतो. मीटरने पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, कोणी कितीही डरपोक म्हणो.

एकोणिसाव्या दिवशी रात्रपाळीत तो हलका फुटला. धूर, सडक्या मासळीसारखा वास. डिस्चार्ज करून हॅक्सॉने कापला, तर मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर आणि भोवती पुठ्ठा! ड्राइव्हमध्ये दोन्ही कपॅसिटर सिरीजमध्ये असतात. ज्याची एमएफडी कमी, चार्ज होताना त्याच्यावर जास्त व्होल्टेज येतो. मरणार तोच.

दुकानदार म्हणाला, "बिल बतावो." शेठला त्याच्या शब्दांची आठवण करून दिली, तर तो फोनवर बोलत बाहेर गेला. शेठला शिव्या देतो खरा, पण वजन त्याच्या नाही, माझ्या हाताला लागलं होतं.

दुकान तेच ठेवलंय, जवळ दुसरं नाही. आता मीटर सोबत नेतो. दुकानदार चिडत नाही. मीटर पिशवीतून काढला की आत जात नाही, काउंटरवरचाच देतो.