दह्यातला सोलो

लेहहून नुब्राकडे निघालो. साउथ पुल्लूची चौकी मागे पडली तशी हिरवळ जवळपास संपली. पुढे नुसता दगडगोट्यांचा उतार. 5,359 मीटरवरची खारदुंग ला खिंड यायच्या थोडं आधी आमच्या लडाखी चालकाने गाडी बाजूला घेतली. वरच्या कपारीकडे बोट दाखवत म्हणाला, "सोलो!"

दोन शिळांच्या फटीत वीतभर उंचीचा झुबका. मांसल पानं देठाभोवती दाटीवाटीने बसलेली, शेंड्याला पिवळट कळ्या. जुलैची सुरुवात असूनही वारा हाडापर्यंत शिरत होता. चार पावलं चढताना मला धाप लागली, आणि हे रोप तिथे खुशाल वाढत होतं. शास्त्रीय नाव ऱ्होडिओला इम्ब्रिकाटा. आपल्याकडची पानफुटी याच कुळातली, त्यामुळे मला ते एकदम नात्यातलं वाटलं. थंडीत त्याचा वरचा सगळा भाग वाळून जातो. जाड मूळ तेवढं बर्फाखाली तग धरतं आणि उन्हाळ्यात त्याला पुन्हा कोंब येतात.

8 ऑगस्ट 2019 च्या भाषणात पंतप्रधानांनी याला संजीवनीची उपमा दिली आणि देशभर त्याची चर्चा झाली. लडाखी आमची, म्हणजे तिथले वैद्य, त्याचं मूळ औषधात वापरत आलेत. लेहच्या 'डिहार' या संरक्षण प्रयोगशाळेतही त्यावर संशोधन झालं आहे. पण मला सोलो खरा भेटला तो नुब्रातल्या मुक्कामी, आमच्या यजमानीण आमा-लेंच्या स्वयंपाकघरात. कोवळी पानं त्यांनी उकळली, कडवट पाणी ओतून दिलं, पानं घट्ट पिळून मीठ घातलेल्या दह्यात कालवली. हे तंगथूर. आपल्या कोशिंबिरीसारखंच, पण मागे किंचित कडसर चव रेंगाळते. खंबीर रोटीबरोबर मी ते दोनदा मागून घेतलं.

पानं खुडली तर झाड पुन्हा फुटतं. मूळ उपटलं की संपलं, आणि त्या उंचीवर नवं रोप जोम धरायला वर्षं लागतात. बाजाराला मात्र मूळच हवं असतं. म्हणून तर 2023 पासून ऱ्होडिओलाच्या सगळ्या जाती 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. पण भारतातल्या भारतात विकत घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हा करार अडवत नाही. तो संयम आपणच पाळायला हवा.

लडाखला गेलात तर तंगथूर जरूर मागा, पोटभर खा. डोंगरातून उपटलेली सोलोची मुळी कुणी पुढे केली, तर कृपा करून घेऊ नका.