सांत्वनाची भाषा

शिरूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही चौघे मागच्या बाजूला उभे होतो. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याचा एकुलता मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. आम्ही चौघेही मराठी शिकवतो. शब्द हाच आमचा व्यवसाय. तरी सरांचा हात हातात घेतला तेव्हा आमच्याजवळ एकही शब्द नव्हता. कुणीतरी हळूच म्हणाले, "देवाची इच्छा." सरांनी वळून पाहिले. "त्याची अशी इच्छा असेल, असं मला वाटत नाही," ते म्हणाले, "पण तो इथं आहे." आणि मूठमाती देण्यासाठी ते खाली वाकले.

परतताना आम्ही नगर रस्ता सोडून न्हावऱ्याच्या रस्त्याने चौफुल्याकडे निघालो. गाडीत कुणी बोलत नव्हते, पण सरांची दोन वाक्ये प्रत्येकाच्या मनात घोळत असावीत. आम्ही कुणीही ख्रिस्ती नाही. श्रद्धेने दिलेले सांत्वन म्हणजे दुःखावर घातलेले पांघरूण, स्वर्गातल्या भेटीचे आश्वासन देऊन माणसाला रडू न देण्याची युक्ती, असा आमचा समज होता. सरांनी तर देवावर विश्वास ठेवूनही देवाच्या नावाने दिलेले स्पष्टीकरण नाकारले होते.

विचार करता लक्षात आले, की बायबललाही असल्या स्पष्टीकरणांचे वावडे आहे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. त्यांनी दुःखाची कारणे सांगायला तोंड उघडले आणि तिथेच त्यांचे चुकले. योहानाच्या शुभवर्तमानातला येशू लाजरला कबरीतून उठवणार असतो, तरीही त्याच्यासाठी शोक करणाऱ्यांना पाहून त्याचेच डोळे भरून येतात. पुनरुत्थानावरचा विश्वास अश्रूंना रजा देत नाही. त्याच शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी 'पॅराक्लेटॉस' असा ग्रीक शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ, जवळ बोलावलेला. प्रचलित मराठी बायबलने त्यासाठी 'कैवारी' हा शब्द योजला आहे. कैवारी दुःखाचा उलगडा करत नाही. तो आपल्या बाजूने उभा राहतो. सरांच्या 'इथं आहे'चा अर्थ आम्हाला या शब्दापाशी थोडासा कळला.

भीमा ओलांडली, दौंड तालुका लागला, आणि चौफुल्याहून जवळच असलेल्या केडगावची आठवण होणे अपरिहार्य होते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथेच आहे. रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्राने पुष्कळ वाद घातला. त्यांच्या शोकाकडे मात्र त्या मानाने कमी पाहिले. 1870च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. 1880मध्ये भाऊ गेला, 1882मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. देवांची केलेली सारी आराधना निष्फळ ठरली आणि त्या दुष्काळात आपली जुनी श्रद्धा ढळली, असे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. 1883मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नव्या श्रद्धेने तरी त्यांना त्या मृत्यूंचे कारण सांगितले का? तसे आम्हाला वाटत नाही. आम्हाला दिसते ते एवढेच, की 1896-97च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना व तरुण विधवांना घेऊन आल्या. ज्या भुकेने त्यांचे घर मोडले होते, त्याच भुकेच्या दारात त्या पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. या वेळी कैवारी म्हणून.

पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावी अशी भाषा त्यांना हवी होती. काम संपत आले असताना, जुलै 1921मध्ये, त्यांच्या कार्याची वारस ठरावी अशी मनोरमा चाळिशीत वारली. रमाबाईंनी भाषांतर थांबवले नाही. ते पुरे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. या दोन मृत्यूंमध्ये जेमतेम साडेआठ महिन्यांचे अंतर आहे. त्या महिन्यांत रमाबाई रात्री कशा झोपल्या असतील, हे कुठल्याही चरित्रातून कळणार नाही. पण मुलगी गमावलेली एक आई इतर बायांना कळेल अशा मराठीत ओळीमागून ओळ लिहीत होती, ही गोष्ट आमच्या सांत्वनाविषयीच्या कल्पनेला धक्का देण्यास पुरेशी आहे. दुःख हलके झाले म्हणून हे काम झाले नसावे. ते दुःख सोबत घेऊनच झाले असावे.

अर्थात, एवढ्याने आम्ही श्रद्धाळू झालो असे नाही. त्या मुलाच्या मृत्यूला काही अर्थ आहे, असे आम्हाला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. फरक पडला तो इतकाच, की सांत्वनासाठी अर्थ सापडलाच पाहिजे, हा आमचा हट्ट सुटला.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा शिरूरला गेलो. या वेळी काय बोलायचे ते ठरवले नव्हते. मॅडमनी चहा केला. सरांनी मुलाच्या वह्या काढल्या. त्याचे अक्षर किरटे होते आणि वेलांट्या सगळ्या चुकलेल्या. "मराठीच्या मास्तराचा मुलगा!" सर म्हणाले आणि हसता हसता रडू लागले. आम्ही कुणी त्यांना थांबवले नाही. अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिलो.