फेस कुठे, पाथ कुठे

ड्रायव्हरने मारलेला बॉल सरळ निघायचा आणि दीडशे यार्डांनंतर उजवीकडे वळत झाडांत शिरायचा. स्लाइस. हौशी गोल्फरांचं हे जुनंच दुखणं. आमचे कॅडीकाका म्हणायचे, "साहेब, थोडं डावीकडं धरा." मी धरायचो, आणि बॉल जास्तच वळायचा. याचं कारण मला पुण्यातल्या एका रेंजवर कळलं.

कोचने माझ्या मागे रडारचा चपटा डबा ठेवला होता. पडद्यावर आकड्यांची रांग लागली आणि माझी नजर अर्थातच वेगावर गेली. कोचने मात्र दोनच आकड्यांवर बोट ठेवलं. "सर, पाथ उणे ५, फेस अधिक २. बाकीचं नंतर."

क्लब आणि बॉलची गाठ पडते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात माझ्या क्लबचं डोकं लक्ष्याच्या ५ अंश डावीकडे चाललं होतं, हा पाथ; आणि फेस, म्हणजे डोक्याची बॉलला भिडणारी बाजू, २ अंश उजवीकडे उघडा होता. बॉल निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. ड्रायव्हरच्या बाबतीत फेसचा वाटा सुमारे ८५ टक्के. वळतो मात्र फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. माझा फरक ७ अंशांचा, त्यामुळे फिरकीचा अक्ष उजवीकडे कलायचा आणि बॉल तिकडे ओढला जायचा. डावीकडे धरलं की पाथ आणखी डावीकडे जाणार, फेस मात्र मी नकळत झेंड्याकडेच ठेवणार. म्हणजे फरक वाढणार! रडार येण्याआधी कित्येक वर्षं शिकवण नेमकी उलटी होती: बॉल पाथने निघतो आणि फेसकडे वळतो. त्या शिकवणीने किती जणांचे स्विंग बिघडले असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ग्रिपमध्ये डावा हात जरा उजवीकडे फिरवला, फेस मिटू लागला. पाथ बदलणं अवघड गेलं. क्लब उजवीकडच्या कुंपणावर भिरकावतोय असं वाटायचं, आणि पडद्यावर यायचं उणे १. शरीराला जाणवतं ते आणि प्रत्यक्षात घडतं ते, यांत एवढी तफावत असते.

यात एक मेख आहे. बॉल फेसच्या मधोमध लागला तरच हे गणित जुळतं. क्लबच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळ, लागला तर पाथ-फेस चोख असूनही तो उजवीकडे वळतो. म्हणून कोच फेसवर पावडरचा फवारा मारतो. पांढऱ्यावर बॉलचा गोल ठसा उमटतो, तो आधी बघायचा, मग पडदा.

आणखी एक गोष्ट आकड्यांनीच पटवली. माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या माणसाने बायकांचे सामने बघावेत. ट्रॅकमन या रडारच्या जुन्या सरासरीत महिलांच्या एलपीजीए टूरच्या खेळाडू ताशी ९४ मैलांच्या स्विंगवर ड्रायव्हरने २१८ यार्ड कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, काढतात, कारण क्लब ३ अंश वर चढताना बॉलला लागतो. पीजीए टूरचे पुरुष सरासरी किंचित खाली मारतात. ११३ मैलांच्या वेगाला ते परवडतं. आपली अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ती काही लांब मारण्याच्या जोरावर नव्हे.

सध्या पडद्यावरचा कॅरीचा आकडा मी बंद करून घेतलाय. तो दिसला की हात जोर लावतात आणि फेस पुन्हा उघडतो. फेस-पाथमधला फरक सलग ३ अंशांच्या आत राहू लागला की मगच तो चालू करायचा, असं कोचशी ठरलंय.